निसर्गदृश्य पाहताना : अभिप्राय देण्याची आणि घेण्याची रीत



आपल्या शाळेच्या दिवंगत चित्रकला शिक्षकांच्या स्मृत्यर्थ योजिलेल्या या व्याख्यानासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. स्मृतिव्याख्यानात वक्त्यापुढे दोन वाटा असतात. ज्यांचे स्मरण करायचे त्यांचे गुणवर्णन करावे, ही एक. त्यांनी आयुष्यभर जे काम केले त्याविषयी बोलावे, ही दुसरी. सरांना स्वतःची स्तुती ऐकवत नसे, हे येथील माजी विद्यार्थी जाणतातच. म्हणून मी दुसरी वाट धरतो. सरांचे रोजचे काम म्हणजे दुसऱ्याने काढलेले चित्र पाहणे आणि त्याविषयी दोन शब्द बोलणे. मी स्वतः कुंचल्याचा नव्हे, कॅमेऱ्याचा माणूस. तेव्हा निसर्गदृश्यांच्या छायाचित्रांपुरताच हा विषय मर्यादित ठेवतो.

चित्राविषयी बोलण्याची गरजच काय, असे कोणी विचारील. आज सीमाभागातल्या प्रत्येक घरात मोबाईलच्या रूपाने कॅमेरा आहे. पहिल्या पावसात आंबोलीच्या घाटात जितकी माणसे धुके पाहतात, त्यांहून अधिक ते टिपतात. चोर्ल्याचा घाट, गोकाकचा धबधबा, राजहंसगडावरचा सूर्यास्त यांची चित्रे दररोज शेकड्यांनी निघत असतील. परंतु त्या चित्रांविषयी आपण काय बोलतो? आमच्याकडे दोनच अभिप्राय प्रचलित आहेत. एक "भारी की!" आणि दुसरा मौन. पहिल्याने चित्रकाराला काही कळत नाही, आणि दुसऱ्याने त्याला नको ते कळते. गावे लहान, सगळे एकमेकांचे ओळखीचे, उद्या बाजारात गाठ पडणार. त्यामुळे खरे बोलण्याची किंमत येथे जरा जास्तच पडते, हेही मान्य केले पाहिजे.

पूर्वी असे नव्हते, असे म्हणून भूतकाळाचे गोडवे गाण्याचा माझा विचार नाही. परंतु छायाचित्रण ही मुळात चारचौघांत बसून शिकण्याची विद्या म्हणून आपल्याकडे रुजली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी एतद्देशीय मंडळी तिच्यात होती. पुढे १९५३ मध्ये अखिल भारतीय पातळीवर फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी स्थापन झाली आणि गावोगावच्या क्लबांना एक छत्र मिळाले. या क्लबांतून महिन्याकाठी सभासद आपापले प्रिंट आणून मांडीत आणि कोणी जाणता त्यांवर बोले. बेळगावात चित्रकलेच्या क्षेत्रात हेच काम के. बी. कुलकर्णी यांनी केले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांत रवी परांजपे आणि जॉन फर्नांडिस ही नावे आहेत. परांजप्यांनी आपल्या आत्मचरित्राला 'ब्रश मायलेज' असे नाव दिले. कुंचल्याने किती मैल कापले यावर हात तयार होतो, हा त्या नावाचा अर्थ मला फार पटतो. मात्र मैल कापताना वाटेत कोणीतरी "तुझी वाट चुकली आहे" असे सांगणाराही लागतो.

असा सांगणारा कसा असावा? दहाव्या शतकाच्या आरंभीच्या राजशेखराने 'काव्यमीमांसे'त रसिकांचे, त्याच्या शब्दांत 'भावकां'चे, चार प्रकार सांगितले आहेत. 'अरोचकी' म्हणजे ज्याला काहीच रुचत नाही असा. 'सतृणाभ्यवहारी' म्हणजे धान्याबरोबर गवतही खाऊन टाकणारा, सगळेच गोड मानणारा. 'मत्सरी' म्हणजे काय ते सांगायला नको. आणि चौथा 'तत्त्वाभिनिवेशी', जो वस्तूच्या ठायी जे खरोखर आहे त्याचा आग्रह धरतो. हा हजारांत एखादा, असे राजशेखर म्हणतो. हजार वर्षे लोटली तरी या प्रमाणात काही सुधारणा झाली आहे असे मला दिसत नाही. छायाचित्रांच्या स्पर्धांना मी अनेक वर्षे हजेरी लावीत आलो आहे. अरोचकी परीक्षक तेथे मुबलक भेटतात, कारण न आवडण्यात एक प्रकारचा दबदबा असतो. सतृणाभ्यवहारी बहुधा उद्घाटनाला येतात.

गंमत बाजूला ठेवू. अरोचकी माणसाचे खरे दुखणे असे की, तो चित्र पाहत नाही, नियम पाहतो. छायाचित्रणातला सर्वांत लोकप्रिय नियम 'तृतीयांशा'चा. चौकटीचे उभे-आडवे तीन तीन भाग करा आणि क्षितिज मधोमध ठेवू नका, असा तो नियम. अनेकांना तो कॅमेऱ्याबरोबर जन्मला असे वाटते. वास्तविक जॉन टॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली ग्रामीण देखाव्यांविषयीच्या पुस्तकात तो मांडला. तेव्हा कॅमेऱ्याने काढलेले एकही टिकाऊ चित्र जगात नव्हते. नियम वाईट नाही. नवशिक्याला तो काठीसारखा उपयोगी पडतो. परंतु काठी ही चालण्यासाठी असते, दुसऱ्याच्या पायांवर मारण्यासाठी नव्हे.

परक्या गजाने मोजण्याचा मोह मोठमोठ्यांनाही सुटलेला नाही. सॅम्युएल बोर्न हा १८६३ साली हिंदुस्थानात आलेला इंग्रज छायाचित्रकार. हमालांच्या पाठीवर काचा, रसायने आणि तंबू लादून तो हिमालयात हिंडला आणि १८६६ मध्ये मणिरंग खिंडीत, अठरा हजार फुटांहून अधिक उंचीवर, त्याने चित्रे घेतली. त्याच्या चिकाटीपुढे नतमस्तक व्हावे. परंतु त्याच बोर्नने हिमालयाविषयी अशा अर्थाची तक्रार लिहून ठेवली आहे की, येथे चित्राला सोयीची रचना सापडत नाही. तळी नाहीत, नजरेला विसावा देणारे लहानसे सौंदर्य नाही. डोळ्यांत इंग्लंडची सरोवरे घेऊन आलेल्या माणसाला हिमालय उणा वाटला! त्याच्या तक्रारीवरून हिमालयाचे काही कळत नाही, बोर्नच्या बालपणाचे कळते.

असाच प्रकार मी गोकाकच्या एका चित्राबाबत पाहिला. श्रावणात घटप्रभा सुमारे ५२ मीटरांवरून खाली कोसळते, तेव्हा तिचे पाणी दुधासारखे नसते. ते मातीच्या रंगाचे, लालसर तपकिरी असते. ज्याने एकदा झुलत्या पुलावर उभे राहून पाहिले आहे त्याला हे सांगावे लागत नाही. एका तरुणाने नेमके तेच रंग पकडले होते. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी चित्र बाजूला केले. कारण दिले, "रंगसंतुलन बिघडले आहे, पाणी पांढरे हवे." तो तरुण काही बोलला नाही. परंतु पुढल्या वर्षी त्याने पाणी पांढरे करून चित्र पाठविले आणि त्याला बक्षीस मिळाले. मला यातली दुसरी गोष्ट पहिलीहून अधिक क्लेशकारक वाटते. चुकीच्या अभिप्रायाने चित्र नाकारले गेले असते तर ती एका दिवसाची हानी होती. येथे एका डोळस मुलाने आपल्या डोळ्यांवरचा विश्वास गमावला.

म्हणून चित्रावर बोलण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत, असे माझे मत आहे. हे कोठले, आणि केव्हाचे? मेमध्ये आपल्या पठारावर धुरकट उकाडा असतो, दूरचे डोंगर निळसर करडे होऊन विरघळतात. तेथे "स्पष्टता नाही" हा शेरा निरर्थक आहे. ऋतूच अस्पष्ट आहे. उलट, नोव्हेंबरच्या स्वच्छ सकाळी काढलेले चित्र तसेच धूसर असेल तर भिंगावर बोटाचा ठसा आहे काय, हे जरूर पाहावे. क्षितिज कललेले असेल तर ते स्पष्ट सांगावे, त्यात संकोच कसला? तलावाचे पाणी एका बाजूला सांडते आहे असे वाटणे हे कोणाच्याही शैलीत बसत नाही. तांत्रिक दोष सांगणे सोपे असते, आणि बहुतेक अभिप्राय तेथेच थांबतात. खरे कठीण काम पुढचे. या माणसाला काय दाखवायचे होते, आणि ते मला दिसले का?

सरांची एक पद्धत येथे सांगतो. विद्यार्थ्याच्या चित्रावर ते कधी हात चालवीत नसत. चित्रावर एक पातळ बटर पेपर ठेवायचे आणि त्यावर पेन्सिलीने झाड थोडे सरकवून दाखवायचे, वाट थोडी वळवायचे. मग कागद उचलायचे. चित्र जसेच्या तसे, आणि शेजारी त्याची दुसरी शक्यता. कोणती घ्यायची ते तुम्ही ठरवा. छायाचित्राच्या बाबतीत हेच काम पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे करतात. ते प्रिंटवर ठेवून चौकट लहानमोठी करून पाहावी. "वरचे आभाळ रिकामे आहे" असे म्हणण्यापेक्षा ते आभाळ क्षणभर झाकून दाखविले की वाद उरत नाही. कधी कधी असेही होते की, झाकल्यावर कळते, त्या रिकाम्या आभाळामुळेच खालचे एकटे झाड एकटे वाटत होते. मग अभिप्राय देणाऱ्याने आपला शब्द मुकाट्याने मागे घ्यावा.

आता मी ज्या प्रसंगासाठी हा विषय निवडला तो सांगतो. काही वर्षांपूर्वी एका आंतरशालेय स्पर्धेत 'निसर्ग' हा विषय होता. निपाणीकडच्या एका मुलीने पाठविलेले चित्र असे होते : काळी जमीन, तीवर उन्हात वाळत घातलेली कापणीची तंबाखू, ओळींमागून ओळी, आणि अगदी वरच्या कडेला स्तवनिधीच्या बाजूच्या डोंगराची एक बारीक पट्टी. माणूस एकही नाही. सकाळचे तिरपे ऊन पानांच्या कडांवर. परीक्षकांपैकी एकाने चित्र हातात घेतले आणि हसून विचारले, "यात निसर्ग कुठे आहे?" इतर हसले. मुलगी समोर उभी होती. तिची आई वखारीत तंबाखूच्या कामाला जाते, हे मला नंतर तिच्या शिक्षिकेकडून कळले.

त्या प्रश्नाचा राग येण्यापेक्षा त्याचा विचार करावा असे मला वाटले, कारण प्रश्न मुळात वाईट नव्हता. तो हसत विचारला, एवढेच वाईट होते. निसर्ग म्हणजे धबधबा, धुके, सूर्यास्त. आणि शेत म्हणजे शेती, वखार म्हणजे कारखाना, अशी वाटणी आपण मनात करून ठेवली आहे. निपाणीत राहणाऱ्याला ती वाटणी कशी परवडावी? तेथल्या माणसाचा निसर्ग म्हणजे ती काळी जमीन, तो उग्र वास, जानेवारीचे ते ऊन. १९८१ साली याच तंबाखूच्या भावासाठी शेतकरी हमरस्त्यावर येऊन बसले आणि त्यांतल्या काहींनी गोळीबारात प्राण गमावले. ते ज्या जमिनीसाठी बसले होते तिचे दृश्य निसर्गचित्र ठरू शकत नाही, असे म्हणणाऱ्याने आधी निसर्गाची व्याख्या सांगावी.

याच निपाणीत १९८२ साली 'युगांतर' या गटाने तंबाखू कामगार स्त्रियांवर 'तंबाकू चाकिला ऊब आली' हा माहितीपट केला. दीपा धनराज दिग्दर्शिका, कॅमेरा नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांचा. चित्रपटकारांनी आधी त्या स्त्रियांशी दीर्घ बोलणी केली. काय दाखवायचे, कसे सांगायचे, यात त्यांचे म्हणणे घेतले. माझ्या मते अभिप्रायाचा हा फार वरचा प्रकार आहे. चित्र पुरे झाल्यावर तज्ज्ञाने गुण द्यावेत, हा एक मार्ग. चित्र होत असतानाच, ज्यांचे ते चित्र आहे त्यांनी बोलावे, हा दुसरा. निसर्गदृश्याच्या छायाचित्रकाराला वाटते, डोंगर काही बोलत नाही, मग विचारायचे कोणाला? डोंगराखाली राहणाऱ्याला विचारावे.

त्या मुलीच्या चित्राविषयी मला विचारले असते तर मी काय म्हटले असते? चित्र निर्दोष नव्हते. डोंगराची पट्टी इतकी बारीक होती की ती चुकून आल्यासारखी वाटे. एक तर ती काढावी किंवा तिला आणखी बोटभर जागा द्यावी. खालच्या डाव्या कोपऱ्यात प्लॅस्टिकचा एक कागद चमकत होता, नजर प्रथम तेथेच जाई. परंतु ओळींचा जो ठेका तिने पकडला होता तो शिकवून येत नाही. हे सगळे मी तिच्या शिक्षिकेला लिहून कळविले. मुलीचे उत्तर चार ओळींत आले. तीन ओळी आभाराच्या. चौथीत तिने लिहिले होते की, प्लॅस्टिकचा कागद तिने पाहिला होता, पण तो रोज तेथेच असतो म्हणून उचलला नाही. या उत्तराने मी निरुत्तर झालो, आणि आनंदितही. स्वतःच्या चित्रातल्या एका कोपऱ्याचे समर्थन करू शकणारी विद्यार्थिनी परीक्षकांच्या हसण्याने मोडणार नाही.

येथून मी घेणाऱ्याच्या बाजूकडे वळतो. अभिप्राय घेणे हे देण्याहून अवघड, कारण चित्रावरचा शब्द आपण आपल्यावर घेतो. समोरचा म्हणतो, "उजवीकडे जड झाले आहे," आणि आपल्याला ऐकू येते, "तू नालायक आहेस." यावर माझा तोडगा साधा आहे. ऐकताना बोलू नये. "त्या दिवशी ढग आले होते," "पुढे कुंपण होते," "बस निघायची होती," ही स्पष्टीकरणे खरी असतात, पण ती चित्राबरोबर भिंतीवर टांगता येत नाहीत. बोललेले सगळे वहीत उतरून घ्यावे आणि आठ दिवस वही उघडू नये. आठवड्यानंतर त्यांतले निम्मे शेरे आपोआप गळून पडतात. जे राहतात ते बहुधा खरे असतात, आणि ते कोणी दिले, त्याचा स्वर कसा होता, हे तोवर विसरलेले असते. तीन निरनिराळ्या माणसांनी एकाच जागी बोट ठेवले असेल, तर त्यांची कारणे चुकीची असली तरी ती जागा दुखरी आहे असे समजावे.

शेवटचा परीक्षक अर्थातच आपण स्वतः. अमेरिकेतला अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स याने १९४१ च्या शरदात न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ या खेड्यावर उगवलेल्या चंद्राचे चित्र घेतले. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या निसर्गदृश्यांपैकी ते एक. लोकांनी वाहवा केली तरी अ‍ॅडम्सचे समाधान झाले नव्हते. १९४८ मध्ये त्याने निगेटिव्हच्या खालच्या भागावर पुन्हा रासायनिक प्रक्रिया केली, आणि पुढील दशकांत डार्करूममध्ये आभाळ अधिकाधिक गडद करीत नेले. आरंभीच्या प्रिंटमधले पुसट ढग शेवटी काळोखात गेले. निगेटिव्ह एकच, पण पाहणारा तीस वर्षांनी मोठा झालेला. इतक्या दूर जायचे नसेल तर कोल्हापूर आपल्याला शेजारीच आहे. १९३१ साली निवर्तलेले अबालाल रहिमान कोटितीर्थाच्या काठी राहून त्याच परिसराची चित्रे काढीत राहिले. तेच पाणी, तीच झाडे, वेगळा प्रहर. एका जागी पुन्हा पुन्हा जाणे ही स्वतःच्या आधीच्या चित्राला दिलेली प्रतिक्रियाच असते. आजची आपली सवय उलट आहे. एक जागा टिपली की ती यादीतून खोडायची आणि पुढच्या धबधब्याकडे गाडी वळवायची.

एक उदाहरण सांगून थांबतो. हिडकल धरणाच्या पाण्यात हुन्नूरचे विठ्ठल मंदिर आहे. पाणी उतरले की उन्हाळ्यात ते वर येते, आणि मग कॅमेरे घेऊन मंडळी जातात. माझ्या परिचयाच्या एका होतकरू छायाचित्रकाराने पहाटे तेथे एक सुरेख चित्र घेतले. निश्चल पाणी, अर्धे बुडालेले देऊळ आणि त्याचे प्रतिबिंब. बेळगावच्या एका प्रदर्शनात ते लागले. सर्वांनी प्रतिबिंबाची तारीफ केली. धरणाने उठविलेल्या कुटुंबातले एक वयस्क गृहस्थ त्या चित्रापुढे बराच वेळ उभे होते. छायाचित्रकाराने आदबीने विचारले, "काका, कसं वाटलं?" ते कन्नडमधून उत्तरले. त्याचा भावार्थ असा की, देऊळ बरोबर आहे. पण आम्ही देवळाला ज्या वाटेने जायचो ती यात कोठे दिसत नाही.

कलेच्या परिभाषेतला एकही शब्द त्यात नव्हता. तरी त्या प्रदर्शनात त्या चित्राविषयी बोलले गेलेले तेवढेच एक वाक्य माझ्या लक्षात राहिले. छायाचित्रकाराने ते वहीत लिहून घेतले, आणि वाट कोणत्या बाजूने होती हे काकांकडून कागदावर काढून घेतले. पुढच्या उन्हाळ्यात तो त्या रेघोट्या घेऊन गेला. पाणी अपेक्षेइतके उतरले नव्हते. देवळाचे शिखर आणि सभामंडपाचे छत वर होते, वाट पाण्यातच होती. तो चित्र न घेता परतला. त्याच्यामागल्या वर्षी वळवाने लवकर गाठले. यंदाच्या मे महिन्यात तो पुन्हा जाणार आहे, आणि या खेपेस काकांनाही बरोबर नेणार आहे, असे त्याने मला कळविले आहे.